चुंबळीवरचे स्पीकर

आमच्या लग्नाला जितकी वर्षं झाली, त्यातून दीड महिना वजा केला की आमच्या एका भांडणाचं वय निघतं. भांडण साधं आहे. लग्नानंतर दीड महिन्याने मी एका कार्यक्रमात गायले आणि त्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसून माझे यजमान झोपले. हे माझं म्हणणं. त्यांचं म्हणणं असं की ते टक्क जागे होते, आणि नुसते जागे नव्हते तर त्यांनी मला दाददेखील दिली होती. एक 'वा', चांगली मोठ्याने.

"कुठे दिली होतीत?" मी विचारायची. "मुखड्याला, तानेला, कुठे?"

"ते आता कसं आठवणार? पण दिली होती."

हा खटला आम्ही घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्यासमोर चालवला आहे. पाहुणे माझ्या बाजूने निकाल द्यायचे, कारण आमच्याकडे टीव्हीसमोर बसलेला हा माणूस बातम्यांचे ठळक मथळे संपायच्या आत घोरायला लागतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असायचं.

मी हसत हसत सांगते, पण ती संध्याकाळ माझ्यासाठी हसण्यासारखी नव्हती. वाशीतला एक छोटा हॉल, साठ-सत्तर माणसं. मी माझ्या बाईंकडे आठ वर्षं गाणं शिकले होते आणि त्या दिवशी पहिल्यांदाच एकटी गायला बसले होते. भीमपलास. स्थायी बरी झाली, आणि अंतऱ्याला मी शब्द विसरले. साफ कोरी झाले. तबल्यावरचे गृहस्थ भले होते. माझी पंचाईत त्यांच्या लक्षात आली आणि त्यांनी रिकामी जागा भरायला डग्गा जोरजोरात घुमवायला सुरुवात केली. मी आधारासाठी नवऱ्याकडे पाहिलं. त्याची मान खाली गेलेली होती.

त्यानंतर मी कुठेही गायले नाही. शाळेतली नोकरी, मुलगी, सासूबाईंचं आजारपण, ही कारणं लोकांना सांगत आले आणि ती खोटी नाहीत. पण खरं कारण विचाराल तर ती खाली गेलेली मान. ज्याला नुकतंच अग्नीच्या साक्षीने पदरात घेतलं तो माणूससुद्धा माझ्या गाण्यात झोपतो, तर मग गायचं कोणासाठी, असं मला वाटलं, आणि ते वाटणं काही गेलं नाही. तंबोरा माहेरी पाठवून दिला.

पुरावा एकच होता. त्या दिवशी यांनी कोणाकडून तरी टेपरेकॉर्डर मागून आणला होता आणि स्वतः त्याच्याजवळ बसले होते. मान खाली का होती, तर टेप फिरतेय की नाही ते बघत होतो, हे त्यांचं उत्तर. रेकॉर्डर ठेवला कुठे, तर तबल्याच्या अगदी पुढ्यात, कारण तिथे जागा रिकामी होती. त्यामुळे त्या कॅसेटवर तबला आहे, डग्गा आहे, मग पुन्हा डग्गा आहे, आणि फार लांब, विहिरीच्या तळाशी बसल्यासारखी मी आहे. 'वा' कुठेही नाही. आम्ही ती कॅसेट घरातल्या प्रत्येक यंत्रावर लावून पाहिली होती.

मग हे निवृत्त झाले, मुलीने ती कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून दिली, आणि एके दिवशी कानाला हेडफोन लावून हे ओरडलेच, "सापडली. आहे. माझी वा आहे."

मी म्हटलं, तुम्हाला कानात काय काय ऐकू येतं त्यावर माझा विश्वास नाही.

"मग तू लाव हेडफोन."

मी लावला नाही. एक तर माझे कान दुखतात, आणि दुसरं म्हणजे मला लावायचा नव्हता. एवढ्या वर्षांचा जिंकलेला खटला कोणी कानात बोळे घालून हरतं का? मी म्हटलं, ऐकायचं तर दोघांनी एकत्र, उघड्यावर, माणसांसारखं. म्हणजे हे आपोआप बारगळेल अशी माझी अटकळ होती.

आठ दिवसांत घरात दोन स्पीकर आले.

आमचं घर सीवूड्सला सहाव्या मजल्यावर आहे. समोरच्या इमारतीतलं एक कुटुंब परदेशी चाललं होतं, त्यांच्याकडून हे दोन राक्षस यांनी घेतले. कमरेएवढे उंच, एकेक चाळीस किलोचा. वॉचमन आणि हे दोघं मिळून ते ढकलगाडीवरून आणताना पाहिलं तेव्हा मला वाटलं, कोणाचं तरी कपाट चुकून आपल्याकडे येतंय. मी त्यांचं नाव 'सवती' ठेवलं. दिवाणखान्यात खिडकीच्या दोन बाजूंना दोन सवती उभ्या राहिल्या, आणि खिडकीच्या वर टांगलेला आमच्या लग्नाचा फोटो त्यांच्यापुढे अगदीच बापुडवाणा दिसायला लागला.

रविवारी दुपारी यांनी मला खुर्चीत बसवलं आणि कॅसेटवरचं गाणं लावलं. पहिल्या डग्ग्याला शोकेसची काच झणझणली. दुसऱ्याला माझ्या तळपायांना मुंग्या आल्या. घरभर एकच घूं घूं भरून राहिलं, एक घूं विरायच्या आत पुढचा यायचा, आणि माझा आवाज, जो आधी निदान विहिरीत तरी होता, तो आता विहिरीसकट बुजला. आमच्या बिल्डरने मोठ्या अभिमानाने सगळीकडे चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स बसवल्या आहेत. त्यात चेहरा दिसतो. स्पीकर हलला की त्याखालची फरशी हलते, फरशीबरोबर शोकेस, सोफा, आम्ही दोघं, आणि अर्थात खालच्या मजल्यावरचे लोक.

खालच्या मजल्यावरची वहिनी सातारकडची आहे. वर्षभरापूर्वी राहायला आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारात उभी, हातात स्टीलचा डबा.

"वहिनी, घरघंटी घेतलीसा व्हय? काल दुपारी लई येळ चालू हुती. आमचंबी येवढं किलोभर जोंधळं दळून देता का?"

मी 'नाही हो, ते गाणं होतं' असं सांगायला हवं होतं. पण माझ्या आयुष्यातल्या एकमेव कार्यक्रमाला पिठाची चक्की म्हटलेलं ऐकून माझी जीभच उचलेना. मी डबा घेतला, बाजारातल्या गिरणीतून ज्वारी दळून आणली आणि तिला नेऊन दिली. तिने पिठाला हात लावून पाहिला आणि म्हणाली, बारीक दळतीया की तुमची. त्यानंतर दर सोमवारी डबा यायला लागला.

आता यात खरी गंमत अशी की माझ्या नवऱ्याचं सगळं आयुष्य थरथर थांबवण्यात गेलं आहे. पावणे एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात ते होते. यंत्रांच्या पायाखाली बसवायचे जाड रबरी पाय तिथे बनतात. रबाळ्यात कुठे एखादी प्रेस नाचायला लागली, कुठे जनरेटरने भिंतीला तडा पाडला, की यांना बोलावणं यायचं. हे जायचे, यंत्राशेजारी जमिनीवर जुनं जाडजूड पाच रुपयांचं नाणं कडेवर उभं करायचे आणि यंत्र चालू करायला सांगायचे. नाणं पडलं तर पाय बदला, उभं राहिलं तर चहा मागवा. ते नाणं अजून त्यांच्या पाकिटात वेगळ्या कप्प्यात असतं, आणि मला ते कधीही भाजीवाल्याला देऊ देत नाहीत.

त्यांनी नाणं आमच्या टाइलवर उभं केलं. पहिल्या डग्ग्याला पडलं.

"हात्तिच्या," ते म्हणाले, "एवढंच ना. हे तर आपलं काम."

स्पीकरबरोबर एका डबीत आठ टोकदार पोलादी खिळे आले होते. आधीच्या मालकाने सांगितलं होतं की खरे शौकीन लोक स्पीकर या खिळ्यांवर उभे करतात. करत असतील. त्या लोकांच्या घरात गालिचे असणार, खिळा गालिच्यातून खाली जाऊन घट्ट बसत असणार. आमच्या टाइलवर खिळ्यांनी आपली टोकं रोवली, स्पीकर जमिनीशी आणखीच जखडला गेला आणि थरथर थेट खाली उतरायला लागली. नाणं आधीपेक्षा लवकर पडलं. शिवाय एका टाइलचा टवका उडाला. तिथे मी तुळशीची कुंडी आणून ठेवली. पाहुणे विचारतात, तुळस दिवाणखान्यात कशी. मी सांगते, तिला गाण्याची आवड आहे.

दुसऱ्या दिवशी हे जुन्या कारखान्यात गेले. तिथे अजून यांना मान आहे, चहा, भजी, सगळं झालं, आणि येताना पिशवीतून आठ रबरी पाय घेऊन आले. थालीपिठाएवढे रुंद, विटेएवढे जाड. "दोन टनांची प्रेस यावर हूं की चूं करत नाही," ते म्हणाले. "आपले स्पीकर म्हणजे किस झाड की पत्ती."

गुडघ्यांवर बसून, वॉचमनला हाताशी घेऊन त्यांनी ते पाय बसवले. पाणसळ लावून पाहिली. कपाळावरचा घाम पुसला, नाणं उभं केलं, गाणं लावलं.

नाणं पडलं. शोकेस झणझणली. मी ऐकू आले नाही. सोमवारी डबा आला.

त्यानंतरचे काही दिवस मला आवडले नाहीत. हे कॅलेंडरच्या फाडलेल्या पानांच्या मागे आकडेमोड करत बसायचे, ती खोडायचे, पुन्हा करायचे. जेवताना बोलणं नाही. मी दोनतीनदा मुद्दाम खोडी काढली, म्हटलं, तुमच्या त्या दोन टनांच्या प्रेसलाच इथे आणून ठेवा, ती गप्प बसते ना. एरवी यावर अर्धा तास भांडण झालं असतं. हे नुसतं "हं" म्हणाले. भांडणाऱ्या नवऱ्याची मला सवय आहे, गप्प बसणाऱ्याची भीती वाटते.

गुरुवारी संध्याकाळी चहा घेताना ते म्हणाले, "राहू दे. देऊन टाकू स्पीकर कोणाला तरी. आणि समज, मी झोपलो होतो."

इतक्या वर्षांचा खटला मी जिंकले होते. आरोपीने स्वतःच्या तोंडाने कबुली दिली होती. आणि मला इतकं वाईट वाटलं की मी रागावले. "समज म्हणजे काय? झोपला होतात की नव्हता?"

"नव्हतो. पण ते दाखवता येत नाही, तर काय करू? आयुष्यभर लोकांची यंत्रं गप्प केली. घरातली एक फरशी होत नाही."

मी कप उचलून आत गेले. ओट्याशी उभी राहून विचार केला, तेव्हा मला कळलं की ती 'वा' असावी असं मलाच यांच्यापेक्षा जास्त वाटत होतं. हे मी त्यांना सांगितलं नाही.

शुक्रवारी कोळीण आली. म्हणजे मी तिला सवयीने कोळीण म्हणते, पण ती करावे गावातली आगरी बाई आहे. तिच्या घरच्या शेतावरच आमच्यासारख्यांच्या इमारती उभ्या आहेत. मुलाची गावात तीन मजली बिल्डिंग आहे, भाडेकरू आहेत, सून म्हणते आई आता बसा घरी. पण ही बाई आठवड्यातून दोनदा डोक्यावर पाटी घेऊन आमच्या सोसायटीत येते, कारण तिच्या म्हणण्याप्रमाणे घरी बसलं की गुडघे धरतात.

"ताई, हात लावा," ती दारातून म्हणाली. मी पाटी उतरवायला हात लावला. पाटी खाली आली, डोक्यावर चुंबळ तशीच राहिली. जुन्या लुगड्याच्या धडप्याची वळून वळून केलेली ती गोल गादी डोक्यावर ठेवूनच ती उंबऱ्यात बसली आणि आत बघायला लागली. हे खुर्चीत, समोर सवती.

"दादांनी त्या पेट्या दगडावर का ठेवल्यान?"

"दगड नाही, रबर आहे," हे म्हणाले. आवाजात नेहमीचा ताठा नव्हता.

ती उठली, आत गेली, वाकून अंगठ्याने रबरी पाय दाबून पाहिला. दोनदा दाबला. "दबतंच नाय. मंग दगडच हाय."

"दोन टनांना दबतं," हे म्हणाले.

"आन् ही पेटी कवरी हाय?"

"चाळीस किलो."

ती माझ्याकडे वळून हसली. तिच्या दृष्टीने हे आता लहान मुलाला सांगायचं प्रकरण झालं होतं. "ताई, चुंबल डोक्यापरमानं नाय करायची, वज्यापरमानं करायची. वजा हलका आन् चुंबल घट्ट, तं पाटी डोक्यावर नाचते. वजा भारी आन् चुंबल सैल, तं चुंबल चपटी व्हते न् टालूला लागते. बांगडं कमी आसलं का मी सैल वलते. सुरमई आसली का घट्ट."

हे खुर्चीतून उठले. तिच्यापुढे हात पसरला. तिने डोक्यावरची चुंबळ काढून दिली. "वली हाय दादा, म्हावऱ्याचा वास लागंल." यांनी ती दाबली, उलटी केली, पुन्हा दाबली, आणि मग स्वतःच्या डोक्यावर ठेवली.

"हात लावा," ते आम्हा दोघींना म्हणाले.

मला वाटलं, आता हे गेले कामातून. पण त्या बाईला यात काही वावगं वाटलं नाही. आम्ही दोघींनी पाटी उचलून यांच्या डोक्यावर दिली. बर्फ, पापलेटं, बोंबील, सगळं. आणि हा निवृत्त माणूस, घरातल्या पायजम्यात, कानावरून मासळीचं पाणी ओघळतंय, दोन्ही हातांनी पाटी धरून दिवाणखान्यातून खिडकीपर्यंत गेला आणि परत आला. मग जागच्या जागी गुडघे वाकवून दोनदा हलून पाहिलं.

"डोकं हलतंय, पाटी हलत नाही," ते म्हणाले. "अगं, इतकी वर्षं यंत्राखाली रबर बसवलं, पण मी स्वतः कधी यंत्राखाली गेलो नव्हतो."

पाटी उतरल्यावर ते भराभर बोलायला लागले आणि मला पहिल्यांदा त्यांच्या धंद्यातलं काही नीट कळलं. रबराचं काम दबून पुन्हा वर यायचं. त्या दबण्या-उठण्यात थरथर जिरते. दोन टनांसाठी केलेल्या रबराला चाळीस किलोचा पत्ताच लागत नाही. ते दबतच नाही, म्हणून ते दगड. चूक शाळेतल्या पोराला कळावी अशी होती, पण आजवर यांच्याकडे हलकं गिऱ्हाईक कधी आलंच नव्हतं. जड यंत्रांच्या सवयीने जितकं मजबूत तितकं चांगलं हे डोक्यात पक्कं बसलं होतं. त्या दिवशी आम्ही गरजेपेक्षा दुप्पट पापलेट घेतलं.

पहिल्या चुंबळी माझ्या सुती साड्यांच्या झाल्या. मला न विचारता. त्यातली एक साडी मला मुळीच जुनी झालेली वाटत नव्हती, ते असो. दोन दिवस बऱ्या चालल्या, तिसऱ्या दिवशी दबून पोळपाट झाल्या. "कापूस दबतो, पण उठत नाही," यांनी निदान केलं. "बाईची चुंबळ रोज सोडून रोज वळतात. आपल्याला आपली आपण उठणारी चुंबळ हवी."

ती त्यांना सायकलच्या दुकानात मिळाली. लहान मुलांच्या सायकलच्या दोन ट्यूब. ओट्याचे दगड बसवतात त्या दुकानातून कडाप्प्याच्या दोन लाद्या. खाली ट्यूब, तिच्यावर लादी, लादीवर स्पीकर, आणि मग हातपंपाने अगदी थोडी हवा. लादी जमिनीपासून बोटभर उचलली गेली की थांबायचं. जास्त हवा भरली की ट्यूब कडक होते आणि पुन्हा दगड, हे आता मीसुद्धा सांगू शकत होते. स्पीकरला बोट लावलं तर तो किंचित डोलायचा आणि सावकाश जागेवर यायचा.

"हे कामवालीच्या अंगावर पडेल," मी म्हटलं.

"ढकलून बघ."

ढकलून पाहिलं. पडला नाही. कडाप्प्याने त्याला धरून ठेवलं होतं. सवत आता जरा नम्र झाली आहे असं वाटलं.

त्या आठवड्यात यांनी मला काही ऐकवलं नाही. स्वतःच दुपारी काहीबाही लावून हवा कमी-जास्त करत होते. मला सुगावा लागला तो सोमवारी. खालची वहिनी डबा न घेताच आली.

"वहिनी, चक्की बिघडली जणू? चार दिस झालं, भितीला हात लावून बगतीया, कायबी हलंना."

मी तिला आत बसवलं आणि सगळं खरं सांगितलं, गिरणीच्या फेऱ्यांसकट. ती आधी लाजली, मग इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. "म्हंजे तुम्ही गात हुता? आन् मी दळाय दिलं?" जाताना म्हणाली, पण पीठ झ्याक हुतं.

रविवारी दुपारी चार वाजता यांनी खुर्ची मधोमध ठेवली. दुसरी तिच्याशेजारी. टाइलवर नाणं कडेवर उभं केलं. मला म्हणाले, बस.

तानपुरा सुरू झाला. मग तबला आला आणि मी दचकले, कारण डग्गा आता डग्गा होता. तळहात चामड्यावर पडला, घासला, थांबला. थांबला म्हणजे खरंच थांबला. त्याच्या आणि पुढच्या ठोक्याच्या मध्ये जागा होती, आणि त्या जागेत एक मुलगी गात होती. माझ्या आठवणीपेक्षा तिचा आवाज पातळ होता, थोडा घाबरलेला, पण सुरात होता. कोणीतरी खुर्ची सरकवली. मागे कुठेतरी एक तान्हं मूल रडलं आणि कोणीतरी त्याला बाहेर नेलं. त्या मुलीबद्दल मला एकाएकी फार माया वाटली. तिला मी इतकी वर्षं फार कठोरपणे वागवलं होतं.

मग अंतरा जवळ आला. पुढे काय होणार ते मला माहीत होतं, आणि ते मला ऐकायचं नव्हतं. मी उठायला लागले.

"बस," ते म्हणाले. "थोडंच राहिलंय."

अंतऱ्याची पहिली ओळ झाली आणि ती मुलगी थांबली. तबलजींनी डग्गा घुमवला. एक. दोन. तीन. आणि तिसऱ्या ठोक्यानंतरच्या मोकळ्या जागेत, माइकच्या अगदी जवळून, एका तरुण माणसाचा जरासा घोगरा आवाज आला.

"वा."

त्याच्यामागोमाग तिने पुढचे शब्द उचलले आणि अंतरा पुरा केला.

इतकी वर्षं मी ती जागा लांबच लांब समजत होते. जग थांबलं, सगळे माझ्याकडे बघत राहिले, असं. टेपवर ती जेमतेम डग्ग्याच्या तीन ठोक्यांची आहे. आणि शब्द मला आपोआप आठवले असंच मी धरून चालले होते. पण टेपवर क्रम स्पष्ट आहे. आधी त्यांची वा, मग माझे शब्द.

हे माझ्याकडे बघत नव्हते. खाली, अजून उभ्या असलेल्या नाण्याकडे बघत होते. मान तशीच खाली, त्या दिवशीसारखी.

"अहो," मी म्हटलं, "तिथे मी शब्द विसरले होते."

"हो?" त्यांना खरंच नवल वाटलं. "मला वाटलं, तू मुद्दामच थांबलीस. छान थांबली होतीस."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही. थोड्या वेळाने पदराने तोंड पुसून म्हटलं, "चुकीच्या जागी दिलीत."

"पण दिली ना?"

"दिलीत," मी म्हटलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण या एका मुद्द्यावर मी पहिल्यांदाच हरले, आणि मला हलकं वाटलं. "पुन्हा लावा."

त्यांनी पुन्हा लावलं. अंतऱ्याची पहिली ओळ झाली, ती मुलगी थांबली, डग्गा घुमला. या वेळी शब्द मला आठवत होते, म्हणून मीच म्हटले, बसक्या आवाजात, जमेल तसे. पुढची ओळही म्हटली. तार षड्जाला आवाज फाटला.

"वा," शेजारच्या खुर्चीतून आलं.